मोटरसायकलचे झिजलेले ऑइल सील बदलून इंजिन ऑइलची गळती थांबवणे

मोटरसायकल रात्रभर मधल्या स्टँडवर उभी असताना सकाळी डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाच्या बरोबर खाली, फरशीवर काळपट तेलाचा डाग दिसत असेल, तर बहुतेक वेळा त्याचे कारण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टभोवतीचे झिजलेले ऑइल सील हे असते. आपल्याकडील १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिन्हींना एकच तेल पुरते. त्यामुळे गळती गिअरबॉक्सच्या शाफ्टजवळ दिसली, तरी कमी होते ते इंजिनचेच तेल. अशा इंजिनात एकूण तेल जेमतेम एक लिटर, काही गाड्यांत त्याहूनही थोडे कमी असते. त्यातले दोन-तीनशे मिलिलिटर थेंबाथेंबाने निघून गेले, तर उरलेल्या तेलावर ताण येतो आणि वरच्या बाजूचे टॅपेट व कॅम (झडपा उघडणारे भाग) लवकर झिजू लागतात. शिवाय चेनवर आलेले तेल मागच्या टायरवर आणि ब्रेकच्या ड्रमपर्यंत उडू शकते. गगनबावड्याहून करूळ घाट किंवा मलकापूरहून आंबा घाट उतरताना मागचे चाक तेलाने माखलेले असणे जिवावर बेतू शकते, म्हणून ही गळती ‘थोडीशीच आहे’ म्हणून पुढे ढकलू नये.

सील बदलण्याचे काम अवघड नाही. सीलची किंमत एक लिटर तेलापेक्षा कितीतरी कमी असते आणि हाताला थोडी सवय असलेली व्यक्ती एका दुपारी ते काम घरच्या अंगणात पूर्ण करू शकते. तरीही नवे सील टाकल्यानंतर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेल गळू लागल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात आणि दोष सीलच्या दर्जावर टाकला जातो. माझे मत असे आहे की अशा बहुतेक वेळी सील निर्दोष असते. जुने सील ज्या कारणाने गेले, ते कारण गाडीत तसेच राहिलेले असते. म्हणून पुढील मजकुरात सील बसवण्याच्या कृतीइतकीच जागा त्या कारणांच्या शोधालाही दिली आहे.

गळतीचा उगम निश्चित करणे

तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथूनच तेल गळते आहे असे गृहीत धरणे ही पहिली चूक ठरते. वरच्या टॅपेट कव्हरची रबरी रिंग, सिलिंडरखालचे गॅस्केट, कॅम चेनचा टेन्शनर, मॅग्नेट कव्हरचे गॅस्केट, गिअर पेडलच्या शाफ्टचे छोटे सील, न्यूट्रलच्या स्विचची रिंग आणि तेल सोडण्याच्या बोल्टचे वॉशर यांपैकी कुठूनही आलेले तेल इंजिनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जमा होऊ शकते. पुढच्या स्प्रॉकेटजवळ आणखी एक फसवणूक होते: चेनला लावलेले वंगण उडून झाकणाच्या आत साचते आणि धुळीत मिसळून काळा लगदा तयार होतो. हा लगदा चिकट आणि घट्ट असतो, तर गळलेले इंजिन ऑइल पातळ असते आणि लगद्याला धुवून त्यातून वाट काढल्यासारखे ओघळ दाखवते.

उगम शोधण्यासाठी प्रथम स्प्रॉकेटचे झाकण काढावे आणि तो संपूर्ण भाग रॉकेल व जुन्या ब्रशने धुऊन, वेस्टने, म्हणजे सुताच्या बोळ्याने, पुसून पूर्ण कोरडा करावा. त्यानंतर संशयित जागांवर साध्या टाल्कम पावडरीचा पातळ थर फुंकावा. झाकण नसताना चेन आणि स्प्रॉकेट उघडे राहतात, म्हणून झाकण परत बसवूनच गाडी आठ-दहा किलोमीटर चालवावी. इंजिन व्यवस्थित गरम झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर लावून झाकण पुन्हा उघडावे. पांढऱ्या पावडरीवर ओल जिथून सुरू झालेली दिसते, ती सर्वांत वरची जागा हा खरा उगम होय. शाफ्टच्या भोवती, सीलच्या आतल्या कडेशी ओलसर कडे दिसले आणि त्याच्या वरचा भाग कोरडा असला, तर सील झिजल्याचे निश्चित समजावे. ओल सीलच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे सील आणि इंजिनचे ॲल्युमिनियम यांच्या सांध्यातून येत असेल, तर तीही नोंद करून ठेवावी, कारण तिचा अर्थ वेगळा असतो.

एक इशारा इथेच द्यायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरातील पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांमधील असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही गाडीचे तेल मापकाठीवर दुधाळ, पांढरट दिसत असेल, तर प्रश्न फक्त सीलचा राहत नाही. अशा गाडीचे तेल आधी पूर्णपणे बदलावे, इंजिन आतून तपासून घ्यावे आणि मगच सीलकडे वळावे.

सील कसे काम करते आणि ते का निकामी होते

ऑइल सील म्हणजे पत्र्याच्या कड्यावर चढवलेले रबर असते आणि त्याच्या आतल्या बाजूला एक धारदार ओठ असतो. या ओठाच्या पाठीमागे तारेची बारीक गोलाकार स्प्रिंग असते. ती ओठाला शाफ्टवर हलक्या पण सतत दाबाने टेकवून ठेवते. दुहेरी ओठाच्या सीलमध्ये बाहेरच्या बाजूला आणखी एक छोटा ओठ असतो, ज्याचे काम तेल अडवणे नसून धूळ अडवणे हे असते. सीलवर तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ २०-३४-७ याचा अर्थ आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ३४ आणि जाडी ७ असा होतो. त्यासोबत टीसी अशी अक्षरे असतील तर ते सील रबराने मढवलेले, स्प्रिंगचे आणि दुहेरी ओठाचे असते. एससी असेल तर धुळीचा ओठ नसतो. आपल्या भागातील लाल मातीचा आणि चिखलाचा विचार करता मूळ सील दुहेरी ओठाचे असताना केवळ आकडे जुळतात म्हणून एकेरी ओठाचे सील घेणे योग्य नाही.

या ओठाला किती काम करावे लागते याचा हिशेब करून पाहावा. मागच्या चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर आणि पुढच्या-मागच्या दातांचे प्रमाण सुमारे एकास तीन धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला तो शाफ्ट मिनिटाला सुमारे १,३०० वेळा फिरतो. रबराची मिलिमीटरच्या अंशाएवढी रुंद कड एवढ्या फेऱ्यांवर तेलाचा अतिशय पातळ थर राखून बसलेली असते. त्या थरात वाळूचा कण शिरला, शाफ्ट किंचित डगमगू लागला किंवा आतून हवेचा दाब वाढला, की ओठाचे आयुष्य झपाट्याने कमी होते. वय आणि उष्णता यांनी रबर कडक होणे हे नैसर्गिक कारण आहेच. साधे नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत दीर्घकाळ टिकते, आणि व्हायटॉन नावाने ओळखले जाणारे महागडे रबर त्याहून बरीच अधिक उष्णता सोसते. तथापि या जागेसाठी गाडीच्या उत्पादकाने जे दिले आहे तेच पुरेसे असते.

नैसर्गिक झीज सोडली, तर आपल्याकडे तीन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण चेन जास्त ताणलेली असणे हे आहे. चेन घट्ट असली की ती शाफ्टला सतत मागे ओढते, शाफ्टमागचे बेअरिंग झिजते, शाफ्ट डगमगू लागतो आणि सीलचा ओठ एका बाजूने दाबला जाऊन दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून जाणाऱ्या गाड्यांत हे विशेष घडते, आणि त्यामागचे यंत्रशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. वजन पडल्यावर मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि मागचे चाक वर सरकते. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेच्या जवळ येतात आणि त्या स्थितीत पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधील अंतर सर्वाधिक होते. म्हणजे रिकाम्या गाडीवर ‘बरोबर’ वाटलेली चेन भरलेल्या गाडीवर तारेसारखी ताणली जाते. गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीची चेन आवाज येऊ नये म्हणून ताणून घेण्याची सवय दूधवाल्यांच्या गाड्यांचे सील खाते, असे म्हणण्यास काहीच हरकत नाही.

दुसरे कारण बाहेरून आत जाणारा कचरा. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचे तुकडे, आणि एरवी खताच्या पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे, चेनबरोबर ओढले जाऊन स्प्रॉकेटच्या मागे शाफ्टला गुंडाळले जातात. स्प्रॉकेट काढल्यावर तिथे चिखलात भिजून दाबलेले, बोटाएवढ्या रुंदीचे घट्ट कडे सापडते. नखाने उकलले तर पाचटाचा एकेक धागा वेगळा निघतो आणि प्रत्येक धाग्यावर बारीक वाळू चिकटलेली असते. हे कडे शाफ्टबरोबर फिरत सीलच्या तोंडावर घासत राहते. धुण्याच्या केंद्रावर जोरदार पाण्याचा फवारा थेट त्या जागेवर मारला, तर हीच वाळू धुळीचा ओठ ओलांडून आत जाते. तिसरे कारण इंजिनचा श्वास कोंडणे हे होय. पिस्टनच्या बाजूने खाली आलेली हवा बाहेर पडावी म्हणून इंजिनमधून एक ब्रीदर नळी निघते. ती चिखलाने बुजली, दुमडली किंवा तेल मापकाठीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले, तर आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलमधून, बाहेर पडते.

साहित्य आणि पूर्वतयारी

या कामासाठी ८, १० आणि १२ नंबरचे टी पाने, मागच्या आसासाठी योग्य मापाचे रिंग पाने, नोज पक्कड, पसरट स्क्रूड्रायव्हर, हलकी हातोडी, व्हर्नियर, ६०० किंवा त्याहून बारीक नंबरचा पॉलिश पेपर, थोडे लिथियम ग्रीस, रॉकेल, वेस्ट आणि जुने घमेले एवढे साहित्य पुरते. सीलबाबत एकच आग्रह धरावा: जुने सील हातात घेऊन, त्यावरचे आकडे व अक्षरे वाचून नवे घ्यावे. गाडीच्या कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तोच उत्तम; न मिळाल्यास कोल्हापूरच्या उद्यमनगरातील बेअरिंग आणि सीलच्या दुकानांत आकडे सांगून त्याच मापाचे नामांकित सील मिळू शकते. सीलचा ओठ बोटाने मागे दाबून पाहावा. तो लवचिक असावा, त्याला कुठे चीर नसावी आणि स्प्रिंग जागेवर असावी. वर्षानुवर्षे दुकानात पडून कडक झालेले सील नवे असूनही निरुपयोगी असते.

एक गोष्ट आधी तपासावी. काही इंजिनांत या सीलला आतल्या बाजूला कॉलर असते आणि ती केसच्या, म्हणजे इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कवचाच्या, खाचेत अडकलेली असते. असे सील इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेरून निघत नाही आणि नवेही बाहेरून बसत नाही. नवे सील हातात असेल तर त्याच्या कडेला अशी उभार पट्टी आहे का, ते लगेच दिसते. ती असेल तर हे काम घरी हाती घेऊ नये.

जुने सील काढणे

सील काढताना इंजिन थंड असावे आणि पेट्रोलचा नळ असल्यास बंद करावा. तेल बदलण्याची वेळ जवळ आलेली असेल तर गाडी थोडी गरम करून तेल घमेल्यात सोडून द्यावे. हे सर्वांत स्वच्छ ठरते. तेल नवे असेल तर ते स्वच्छ डब्यात सोडून, झाकून, पुन्हा वापरता येते. वापरलेले तेल गटारात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि गटारातून ते शेवटी पंचगंगेतच जाते. ते डब्यात भरून, जिथून जुने तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी उचलले जाते, अशा गॅरेजमध्ये द्यावे. हे तेल चेनला लावण्याची पद्धतही सोडावी. त्यात धातूचे बारीक कण असतात.

स्प्रॉकेटचे झाकण काढल्यावर बहुतेक गाड्यांत पुढचे स्प्रॉकेट दोन १० नंबरच्या बोल्टांनी आणि एका पातळ खाचदार पट्टीने अडवलेले दिसते; काही गाड्यांत एक मोठा नट आणि त्याखाली वाकवलेले वॉशर असते. चेन ताणलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून धरून, हे बोल्ट सैल करावेत, कारण चेन सैल झाल्यावर स्प्रॉकेट फिरू लागते आणि पाना निसटतो. बोल्ट निघाल्यावर ती पट्टी शाफ्टवर किंचित फिरवली, की तिच्या खाचा शाफ्टच्या खाचांशी जुळतात आणि ती सरळ बाहेर येते. त्यानंतर मागच्या आसाचे नट सैल करून, दोन्ही बाजूंच्या चेन ॲडजस्टरची खूण खडूने करून, चाक पुढे ढकलावे आणि चेनसह स्प्रॉकेट सरकवून बाहेर काढावे. स्प्रॉकेटची कोणती बाजू बाहेर होती ते लक्षात ठेवावे. दातांची टोके एका बाजूला वाकून आकड्यासारखी झाली असतील, तर याच वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलण्याचा विचार करावा; जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

आता शाफ्टभोवतीचा सगळा चिखल, धागे आणि लगदा काढून टाकावा. सील काढण्यापूर्वी हे करणे अत्यावश्यक आहे, कारण सील निघाल्याबरोबर बेअरिंगचे तोंड उघडे पडते आणि बाहेरची वाळू थेट गिअरबॉक्समध्ये पडू शकते. स्वच्छता झाल्यावर सील केसच्या कडेपासून किती आत बसले आहे, ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावे.

सील उपटण्याचा क्षण हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे. घाईघाईने स्क्रूड्रायव्हर शाफ्ट आणि सीलच्या मध्ये खुपसला, तर शाफ्टवर ओरखडा उमटतो, आणि तो ओरखडा नव्या सीलच्या ओठाला कायमचा कापत राहतो. सुरक्षित पद्धत अशी: सीलच्या पुढच्या तोंडावर, आतला ओठ आणि बाहेरची कड यांच्या मध्यावर, टोच्याने एक बारीक छिद्र करावे, त्यात स्वतः आटे पाडणारा लहान स्क्रू दोन-तीन आटे इतकाच फिरवावा आणि पक्कडीने स्क्रू धरून सरळ बाहेर ओढावा. स्क्रू जास्त खोल गेला तर तो मागच्या बेअरिंगला लागेल, म्हणून खोलीबाबत सावध राहावे. सील एका बाजूने उचलले जाऊन अडकले, तर समोरच्या बाजूला दुसरा स्क्रू लावून दोन्हींना आळीपाळीने ओढावे. पसरट स्क्रूड्रायव्हरने उचकटायचेच असेल, तर केसच्या ॲल्युमिनियमवर टेकवताना मध्ये पातळ लाकडी पट्टी घ्यावी.

शाफ्ट आणि बेअरिंगची तपासणी

सील निघाले की नवे लगेच दाबून बसवावे असा मोह होतो; पण याच टप्प्यावर थोडा वेळ दिल्याने पुढचे कित्येक महिने वाचतात. शाफ्टचे टोक धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवावे. जाणवण्याइतका, खटखट करणारा प्ले (सैलपणा) असेल, तर मागचे बेअरिंग गेले आहे आणि कितीही चांगले सील बसवले तरी ते काही आठवड्यांचे सोबती ठरेल. अशा वेळी इंजिन उघडून बेअरिंग बदलण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडे सोपवावे.

बेअरिंग ठीक असेल, तर शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकत होता त्या जागी चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसते. त्या रेघेवर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने नख फिरवावे. नख अडले नाही, तर झीज वरवरची आहे. अशा वेळी तेल लावलेला बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून तो भाग गुळगुळीत करावा. पेपर कधीही शाफ्टच्या लांबीच्या दिशेने किंवा तिरका घासू नये, कारण तिरके ओरखडे स्क्रूच्या आट्यांसारखे वागतात आणि शाफ्ट फिरू लागताच तेल बाहेर ढकलतात. हे काम करताना बेअरिंगच्या तोंडावर तेलकट कापडाचा बोळा ठेवावा आणि नंतर काळजीपूर्वक काढावा.

नख स्पष्टपणे अडले, तर शाफ्टमध्ये खाच पडली आहे. तेव्हा तीन मार्ग उरतात. केसमध्ये जागा असेल, तर नवे सील मूळ खोलीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर किंवा आत बसवावे, म्हणजे ओठ खाचेवर न टेकता शेजारच्या अखंड पृष्ठभागावर टेकतो. मात्र आत सरकवताना सील बेअरिंगला किंवा तेलाच्या छिद्राला अडवणार नाही याची खात्री करावी. बहुतेक गाड्यांत हा साधा उपाय पुरतो आणि मी प्रथम तोच सुचवेन. दुसरा मार्ग म्हणजे शाफ्टवर सुमारे पाव मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह (नळीसारखे आवरण) चढवणे. ती इतकी पातळ असते की त्याच मापाचे सील चालते. तिसरा मार्ग शाफ्ट काढून उद्यमनगरातील एखाद्या लेथ-ग्राइंडिंगच्या कारखान्यात हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण थर) करून मूळ मापाला घासून घेणे किंवा नवाच शाफ्ट बसवणे हा आहे. पण त्यासाठी इंजिन उघडावे लागते. ज्या गाड्यांत सील थेट शाफ्टवर न टेकता शाफ्टवरील एका वेगळ्या कॉलरवर टेकते, तिथे काम सोपे होते: कॉलर आणि तिच्या आतील रबरी रिंग दोन्ही नवी घ्यावीत. ती आतली रिंग विसरली जाते आणि मग नव्या सीलमागूनही तेल येत राहते.

केसच्या भोकाची आतली भिंतही पाहावी. तिथे जुन्या सीलंटचे तुकडे किंवा उचकटल्याचे उंचवटे असतील, तर ते हलक्या हाताने साफ करावेत. आधी नोंद केलेली ओल बाहेरच्या कडेने येत होती, तर दोष बहुधा याच भिंतीत सापडतो.

नवे सील बसवणे

शाफ्टच्या टोकावरील स्प्रॉकेटच्या खाचा धारदार असतात आणि त्यांच्यावरून सील तसेच सरकवले तर ओठ पहिल्याच क्षणी कापला जातो. यासाठी दुधाच्या रिकाम्या, धुऊन कोरड्या केलेल्या पिशवीचा तुकडा कापून शाफ्टच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळावा आणि त्यावर तेलाचा थर द्यावा. प्लॅस्टिक पातळ आणि चिवट असल्याने सील त्यावरून सहज घसरते, व सील जागेवर गेले की पिशवी ओढून काढता येते.

सीलच्या ओठाला स्वच्छ इंजिन ऑइल लावावे आणि दोन्ही ओठांच्या मधल्या पोकळीत थोडे लिथियम ग्रीस भरावे. कोरडे सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळते. रबराने मढवलेल्या सीलच्या बाहेरच्या कडेला तेलाचा हलका हात पुरतो. बाहेरची कड उघड्या पत्र्याची असेल, तर तिथे सीलंटचा अगदी पातळ थर चालतो. सिलिकॉनचा जाड थर लावण्याची प्रथा मला घातक वाटते. तो दाबाबरोबर आत सरकतो आणि त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात.

सीलची दिशा पुन्हा एकदा पाहावी. स्प्रिंग दिसणारी बाजू नेहमी तेलाकडे, म्हणजे इंजिनच्या आत असते, आणि सपाट, आकडे छापलेली बाजू बाहेर राहते. सील बोटांनी सरळ टेकवून, त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान तोंडाची मोठी गोटी (पान्याचा सॉकेट) किंवा जाड भिंतीच्या पाइपचा सपाट कापलेला तुकडा त्यावर ठेवावा आणि हातोडीने हलके ठोके द्यावेत. प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनंतर चारही बाजूंनी खोली तपासावी. सील तिरके जात असेल तर जोर लावून सरळ करण्याचा प्रयत्न न करता ते काढून पुन्हा सुरुवात करावी. लिहून ठेवलेल्या मापापर्यंत, किंवा खाच टाळण्यासाठी ठरवलेल्या नव्या मापापर्यंत, सील पोहोचले की थांबावे.

जोडणी, चेनचा ताण आणि चाचणी

स्प्रॉकेट मूळ बाजूनेच बसवून चेन चढवावी आणि पट्टी फिरवून बोल्ट लावावेत. हे बोल्ट साधारणपणे ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो. लांब दांड्याच्या पान्याने आवळल्यास आटे जातात. चेनचे लॉक उघडले असेल, तर लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे.

चेनचा ताण ठरवताना मागचे चाक फिरवून चेन सर्वांत घट्ट कुठे होते ती जागा शोधावी आणि तिथेच माप घ्यावे. या वर्गातील गाड्यांत खालच्या पट्टीच्या मध्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीवर नेहमी कॅन किंवा पोती जात असतील, तर मर्यादेच्या सैल टोकाकडे राहावे आणि एकाला गाडीवर बसवून, शक्य असल्यास वजन ठेवून, चेन पूर्ण ताठ होत नाही ना हे पाहावे. दोन्ही ॲडजस्टर सारख्याच खुणेवर असावेत.

त्यानंतर ब्रीदर नळी काढून तिच्यातून फुंकून पाहावी, बुजली असल्यास साफ करावी आणि दुमडणार नाही अशी बसवावी. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे; अनेक गाड्यांना १०डब्ल्यू-३० तर काहींना २०डब्ल्यू-५० लागते, आणि क्लच तेलातच बुडालेला असल्याने डब्यावर जासो एमए ही, अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची, खूण असावी. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी औषधे अशा इंजिनात टाकू नयेत: ती रबर फुगवतात, झिजलेला ओठ परत आणत नाहीत आणि त्यांच्यामुळे क्लच घसरू शकतो. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरेपर्यंत थोडे थांबावे आणि सपाट जागेवर, मधल्या स्टँडवर, पातळी तपासावी. बऱ्याच गाड्यांत मापकाठी आटे न फिरवता नुसती टेकवून माप घ्यायचे असते.

झाकण लावून गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि झाकण उघडून पाहावे. शाफ्टजवळ ग्रीसची पुसट ओल दिसली तर ती ओठांमध्ये भरलेल्या ग्रीसची असते. ती पुसून टाकावी. त्यानंतर सुमारे २०० किलोमीटरनंतर स्प्रॉकेटचे बोल्ट, चेनचा ताण आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी. या तपासणीत पातळ तेलाचे ताजे कडे शाफ्टभोवती दिसले, तर ओठ बसवताना कापला गेला आहे, शाफ्टवरची खाच ओठाखाली आली आहे किंवा बेअरिंगचा प्ले नजरेतून सुटला आहे. सील पुन्हा काढून याच क्रमाने तपासावे. तेल बाहेरच्या कडेने येत असेल, तर केसचे भोक खराब झालेले असते आणि त्यावर पातळ सीलंटसह नवे सील हा पहिला उपाय, तर केस मिस्त्रीकडे नेऊन भोकात बुश (धातूचे कडे) बसवून घेणे हा दुसरा उपाय ठरतो.